फुटून गेलेली माणसं

कारखान्याच्या गाळ्यात मालकाशी बोलत बसलं की एक शब्द हमखास कानावर येतो. मग तो गाळा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला असो, नाहीतर भोसरीच्या एमआयडीसीतला. ‘चार वर्षं माझ्याकडे लेथवर होता. हात बसला, आणि फुटला.’ फुटून त्यानं काय केलं? दोन गल्ल्या सोडून गाळा भाड्यानं घेतला, जुनं मशिन हप्त्यावर आणलं आणि जॉबवर्क सुरू केलं. सांगताना मालकाच्या आवाजात राग असतो, थोडं दुःखही असतं. आणखी थोडा वेळ बसलं, चहा झाला, की बहुतेकदा कळतं की मालक स्वतःही वीस-पंचवीस वर्षांपूर्वी असाच कुठूनतरी फुटून आलेला आहे.

धरण फुटतं, पेपर फुटतो, आमदार फुटतो. सगळीकडे काहीतरी बिघडलेलं असतं, कुणीतरी दगा दिलेला असतो. पण याच मराठीत झाडाला फांदी फुटते आणि बियाण्याला कोंब फुटतो. माणूस नोकरी सोडून गेला की आपल्याला पहिला अर्थ आठवतो. माझं म्हणणं असं की इथे दुसरा अर्थ खरा आहे, आणि गेल्या पंचवीस वर्षांत अर्थशास्त्रातल्या काही चिकाटीच्या अभ्यासकांनी तो आकड्यांनी दाखवून दिला आहे. आपल्या देशात तो दीडशे वर्षांपूर्वीच कायद्यात लिहिला गेला. तरीही नोकरीला लागताना ज्या कागदांवर आपण सह्या करतो, त्या कागदांनी तो जवळजवळ पुसून टाकला आहे, आणि याची जेवढी चर्चा व्हायला हवी तेवढी होत नाही.

सगळ्यात प्रसिद्ध ‘फूट’ १९५७ ची. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी नोबेल मिळालेला विल्यम शॉकली कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला प्रयोगशाळा काढून बसला होता. देशभरातून निवडून आणलेले तरुण शास्त्रज्ञ त्याच्या हाताखाली होते. त्याच्या संशयी, हुकमी वागण्याला कंटाळून आठ जण एकदम बाहेर पडले आणि त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी केली. अमेरिकी इतिहासात त्यांचं नाव ‘विश्वासघातकी आठ’ असंच पडलं आहे. पुढे फेअरचाइल्डमधूनही माणसं फुटली. १९६८ मध्ये रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी इंटेल काढली, पुढच्याच वर्षी जेरी सँडर्स आणि सहकाऱ्यांनी एएमडी. आठांपैकी यूजीन क्लायनर यानं १९७२ मध्ये नव्या कंपन्यांना भांडवल पुरवणारी संस्था काढली. आज ज्याला आपण सिलिकॉन व्हॅली म्हणतो, ती या एका झाडाच्या फांद्यांना फुटलेल्या फांद्या आहेत.

आपल्याकडची गोष्ट फार वेगळी नाही, आणि ती पुण्यात घडली. १९८१ मध्ये पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समधले सात इंजिनिअर बाहेर पडले आणि दहा हजार रुपयांच्या भांडवलावर त्यांनी इन्फोसिस काढली. ती बंगळूरला गेली १९८३ मध्ये. पटनीत शिकलेलं कामच ते सात जण करणार होते, परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचं. ‘त्याच धंद्यात दोन वर्षं पाऊल टाकायचं नाही’ अशी अट एखाद्या न्यायालयानं तेव्हा त्यांच्यावर लादली असती, तर पुढचं किती काही घडलं नसतं याचा विचार करावा.

मग हे कॅलिफोर्नियातच का घडलं? १९७० च्या दशकात बोस्टनभोवतीचा ‘रूट १२८’ हा पट्टा कुठल्याच बाबतीत कमी नव्हता. जवळ एमआयटी, हार्वर्ड. डीईसी, वँग, डेटा जनरल यांसारख्या बलाढ्य संगणक कंपन्या. वीस वर्षांत तो मागे पडला. ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये यावर सविस्तर लिहिलं. त्यांचं निदान होतं संस्कृतीचं : कॅलिफोर्नियातले इंजिनिअर कंपन्या सहज बदलत, एकमेकांशी बोलत, तर बोस्टनकडच्या कंपन्या बंद किल्ल्यासारख्या होत्या. पाच वर्षांनी रोनाल्ड गिल्सन या कायद्याच्या प्राध्यापकानं विचारलं की ही संस्कृती आली कुठून? त्याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात होतं. मॅसॅच्युसेट्समध्ये ‘नॉन-कॉम्पीट’, म्हणजे नोकरी सोडल्यावर अमुक काळ प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही आणि स्वतःचा तसाच धंदा काढायचा नाही ही अट, न्यायालयं मान्य करत. कॅलिफोर्नियात ती १८७२ पासून रद्दबातल होती.

१८७२. हे साल आपल्याला ओळखीचं वाटायला हवं, कारण भारतीय करार अधिनियम त्याच वर्षीचा आहे. त्याचं कलम २७ सांगतं की कुणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून अडवणारा प्रत्येक करार त्या मर्यादेपर्यंत रद्दबातल आहे. अपवाद जवळजवळ एकच : धंदा त्याच्या नावलौकिकासह विकला, तर विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येतं. हा योगायोग नाही. डेव्हिड डडली फील्ड या वकिलानं न्यूयॉर्कसाठी दिवाणी कायद्याचा एक मसुदा तयार केला होता. न्यूयॉर्कनं तो स्वीकारला नाही. कॅलिफोर्नियानं स्वीकारला, आणि कलम २७ सुद्धा त्याच मसुद्यातून आलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८० च्या एका निकालात या उगमाची नोंद केली आहे. सिलिकॉन व्हॅली ज्या बियाण्यातून उगवली असं आज अभ्यासक मानतात, तेच बियाणं त्याच वर्षी आपल्याही शेतात पडलं होतं.

ते किती कडक होतं याची कसोटी दोनच वर्षांत लागली. कलकत्त्यात भांड्यांचा धंदा करणाऱ्या दोघांत करार झाला : एकानं त्या भागातलं आपलं दुकान बंद करायचं, दुसऱ्यानं त्याबद्दल पैसे द्यायचे. पैसे मिळाले नाहीत, म्हणून पहिला कोर्टात गेला. १८७४ मध्ये मुख्य न्यायाधीश काउच यांनी सांगितलं की करारच रद्दबातल आहे, बंधन एवढ्याशा भागापुरतं असलं तरीही. इंग्लंडातली न्यायालयं ‘बंधन वाजवी आहे का’ हे पाहत असत. इथे तो प्रश्नच उरला नाही. १९५८ मध्ये विधी आयोगानं हे कलम सैल करून वाजवी बंधनांना मान्यता द्यावी अशी शिफारस केली होती. संसदेनं ती स्वीकारली नाही, आणि मला ते योग्य वाटतं.

आता पुराव्याकडे येतो. कॅलिफोर्निया पुढे गेला आणि तिथे नॉन-कॉम्पीट चालत नव्हतं, एवढ्यावरून दुसऱ्यामुळे पहिलं घडलं असं म्हणता येत नाही. तिथे चांगली विद्यापीठं होती, संरक्षण खात्याचा पैसा होता, आणि बोस्टनच्या मिनीकॉम्प्युटरला पर्सनल कॉम्प्युटरनं गिळलं हेही खरं. फॅलिक, फ्लाइशमन आणि रेबिट्झर या तिघांनी २००६ मध्ये आकडे तपासले. कॅलिफोर्नियात संगणक उद्योगातली माणसं खरोखरच जास्त नोकऱ्या बदलताना दिसली, पण इतर उद्योगांत तसा फरक दिसला नाही. त्यामुळे प्रामाणिक अभ्यासकाला अशी जागा हवी होती, जिथे बाकी सगळं तसंच राहून फक्त कायदा बदलला.

ती सापडली मिशिगनमध्ये. मॅट मार्क्स हा संशोधक होण्याआधी बोस्टन आणि कॅलिफोर्निया या दोन्हीकडच्या आवाज ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपन्यांत काम करत होता. दोन्हीकडची हवा त्यानं अंगावर घेतली होती. मिशिगनमध्ये १९०५ पासून नॉन-कॉम्पीटवर बंदी होती. १९८५ मध्ये विधिमंडळानं मक्तेदारीविरोधी कायद्यात सुधारणा केली आणि जुने कायदे एका फटक्यात रद्द केले, त्यात ही बंदीही गेली. आपण ती उठवतो आहोत याची चर्चाही विधिमंडळात झाली नव्हती. कुणी मागणी केलेली नाही, कुणी लढलेलं नाही, आणि तरी एके दिवशी कंपन्यांच्या हातात कुलूप आलं. मार्क्स, स्ट्रम्स्की आणि फ्लेमिंग यांनी पेटंटच्या नोंदी चाळल्या. पेटंटवर संशोधकाचं नाव असतं आणि कंपनीचंही. तेच नाव नंतर दुसऱ्या कंपनीसोबत दिसलं, तर माणूस हलला. २००९ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : इतर तशाच राज्यांच्या तुलनेत मिशिगनच्या संशोधकांचं नोकरी बदलणं सुमारे ८ टक्क्यांनी घटलं. ज्यांचं कौशल्य एखाद्या अरुंद क्षेत्रापुरतं होतं, त्यांच्यात ही घट आणखी जास्त होती. हे साहजिक आहे. जनरल फिटरला दहा दारं असतात. एकाच प्रकारच्या व्हॉल्व्हवर पंधरा वर्षं घालवलेल्याला दोनच असतात, आणि दुसऱ्या दाराला कुलूप लागलेलं असतं.

पुढचा निष्कर्ष राज्यकर्त्यांनी भिंतीवर लावून ठेवावा असा आहे. मार्क्स, जसजीत सिंग आणि फ्लेमिंग यांना २०१५ मध्ये दिसलं की मिशिगनमधले संशोधक नॉन-कॉम्पीट न मानणाऱ्या राज्यांकडे निघून जाऊ लागले, आणि जाणाऱ्यांत ज्यांच्या कामाचा प्रभाव जास्त होता अशांचं प्रमाण मोठं होतं. कंपनीनं कुलूप लावलं माणूस आपल्याकडे राहावा म्हणून. माणूस राज्यच सोडून गेला.

मार्क्स पेटंटधारकांकडे पाहत होता, तर अर्थतज्ज्ञ इव्हान स्टारनं सगळ्या श्रमबाजाराकडे पाहिलं. जे. जे. प्रेस्कॉट आणि नॉर्मन बिशारा यांच्यासोबत त्यानं २०१४ मध्ये साडेअकरा हजार अमेरिकी कामगारांना विचारलं. जवळजवळ पाचातला एक जण त्या वेळी नॉन-कॉम्पीटनं बांधलेला निघाला, आणि आयुष्यात कधीतरी बांधले गेलेले ३८ टक्के. सही करण्याआधी अटींवर घासाघीस केलेले फक्त दहातला एक. सुमारे तिसऱ्या हिश्श्याच्या लोकांसमोर तो कागद नोकरी स्वीकारल्यानंतर आला, म्हणजे जुनी नोकरी सोडून झाल्यावर. आणि हे फक्त गुपितं सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञांचं नव्हतं. त्याच वर्षी उघड झालं की जिमी जॉन्स ही सँडविच विकणारी साखळी दुकानातल्या पोरांकडूनही अशी सही घेत होती. न्यूयॉर्क आणि इलिनॉय राज्यांनी हात घातल्यावर २०१६ मध्ये तिनं ते थांबवलं. पावात काकडी भरणाऱ्याकडे कोणतं गुपित असतं?

या सर्वेक्षणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. जिथे नॉन-कॉम्पीट कायद्यानं चालतच नाही, त्या कॅलिफोर्नियातही ते जवळपास तेवढ्याच लोकांच्या करारात होतं. आणि ते काम करत होतं! दुसरीकडून आलेली नोकरी का नाकारली असं विचारल्यावर, ज्या राज्यांत अट कागदाच्या किमतीचीही नाही तिथलेही लोक त्याच अटीचं कारण देत होते. कंपनीला कोर्टात जावं लागत नाही. माणसानं घाबरणं पुरेसं असतं.

आणि कुलूप काढलं तर? ओरेगननं २००८ मध्ये कमी पगाराच्या, तासावर काम करणाऱ्यांसाठी नॉन-कॉम्पीट बंद केलं. लिप्सिट्झ आणि स्टार यांना दिसलं की तासाची मजुरी सरासरी २ ते ३ टक्क्यांनी वाढली. ही वाढ सगळ्याच तासावरच्या कामगारांवर पसरलेली आहे. त्यातले थोडेच बांधलेले होते हे लक्षात घेतलं, तर आकडा लहान राहत नाही. हवाईनं २०१५ मध्ये तंत्रज्ञान क्षेत्रात बंदी घातली. बालसुब्रमणियन, शिवदासन, स्टार आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार तिथे नोकरी बदलणं ११ टक्क्यांनी वाढलं आणि नव्यानं रुजू होणाऱ्यांचा पगार ४ टक्क्यांनी.

उलट बाजूचे निष्कर्षही आहेत, आणि त्यांतले काही स्टारचेच आहेत. जिथे ही अट जास्त कडकपणे पाळली जाते, तिथे कंपन्या कामगारांना प्रशिक्षण जास्त देतात. शिकवलेला माणूस जाणार नाही याची खात्री असली की मालक शिकवण्यावर खर्च करतो. पण त्याच अभ्यासात पगार मात्र खाली असतो. दुसरा निष्कर्ष असा की अशा ठिकाणी त्याच धंद्यात फुटून निघणाऱ्या नव्या कंपन्या संख्येनं कमी असतात, पण ज्या निघतात त्या मोठ्या असतात आणि जास्त टिकतात. मला यात समाधान वाटत नाही. खटल्याची भीती पचवू शकणारा, वकील लावू शकणारा माणूसच तिथे बाहेर पडतो, म्हणून त्याची कंपनी मोठी दिसते. जो तुटपुंज्या बचतीवर गाळा घेणार होता, तो मोजणीतच येत नाही. तरुण देशात कुणाला संधी मिळावी या प्रश्नावर मी त्या न मोजलेल्या माणसाच्या बाजूनं आहे.

आता आपल्या दारात येऊ.

हिंजवडीला, खराडीला, ऐरोलीला किंवा बंगळूरला रुजू होण्याचा पहिला दिवस कसा असतो, हे लाखो मराठी घरांना ठाऊक आहे. मुलगा किंवा मुलगी जुन्या गावातलं सगळं आवरून, भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट भरून येते. मग एचआरच्या टेबलावर कागदांचा गठ्ठा येतो. माझ्या पहिल्या नोकरीत मीही एका लहान कंपनीत अशाच गठ्ठ्यावर सह्या केल्या. स्टँपपेपरवर दोन वर्षांचा बॉन्ड, म्हणजे मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याची हमी, होता आणि मूळ गुणपत्रिका ‘सांभाळून ठेवण्यासाठी’ जमा करायच्या होत्या. वाचायला वेळ नव्हता आणि वाचून उपयोगही नव्हता, कारण परत जायला जागा नव्हती. स्टारचं सर्वेक्षण पहिल्यांदा वाचलं तेव्हा, उशिरा कागद पुढे करण्याबद्दलच्या त्या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो.

आपला कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. नोकरी संपल्यानंतरचं बंधन टिकत नाही. श्रीरामपूरच्या झहीर खाननं जाहिरातींच्या कामासाठी एका कंपनीशी करार केला होता. मुदत संपल्यावरही नव्या प्रस्तावाबद्दल आधी जुन्या कंपनीला विचारायचं, अशी त्यात अट होती. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम २७ वर बोट ठेवून ती रद्दबातल ठरवली. नोकरीच्या मुदतीतलं बंधन मात्र चालतं, आणि तो पाया घातला कल्याणच्या एका खटल्यानं. सेंच्युरी स्पिनिंगच्या कल्याणच्या कारखान्यात टायर कॉर्डचं, म्हणजे टायरच्या आत घालायच्या मजबूत धाग्याचं, नवं तंत्र परदेशी कंपन्यांकडून गुप्ततेच्या अटीवर आणलं होतं. तिथला एक शिफ्ट सुपरवायझर १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर लागला आणि पुढच्याच वर्षी कोट्याच्या राजस्थान रेयॉनकडे गेला. तिथेही टायर कॉर्डच बनत होती. १९६७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की कराराची पाच वर्षं संपेपर्यंतची मनाई वैध आहे.

आपल्याकडची सगळी कुलपं या एका फटीतून आली. नोकरीनंतर बांधता येत नाही ना, मग नोकरीच लांबवा. म्हणून बॉन्ड, म्हणून नव्वद दिवसांचा नोटीस पिरिअड, म्हणून रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र.

बॉन्डबद्दल मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. किमान तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये, ही अट न्यायालयानं मान्य केली. तेव्हापासून ‘आता बॉन्ड कायदेशीर झाला’ असं सांगितलं जातं. निकाल नीट वाचावा. ती सरकारी बँक होती, तिला माणूस निवडण्यासाठी जाहिरात देऊन, स्पर्धा घेऊन भरती करावी लागते. पद वरिष्ठ व्यवस्थापकाचं होतं. आणि अट भरतीच्या जाहिरातीतच छापली होती, म्हणजे अर्ज करण्याआधी दिसत होती. बावीस वर्षांच्या पदवीधराला रुजू होण्याच्या दिवशी दाखवलेल्या कागदाशी याची तुलना होत नाही. शिवाय करार अधिनियमाचं कलम ७४ आजही जागेवर आहे : करारात आकडा कितीही लिहिला तरी मिळते ती वाजवी भरपाई, आणि आकडा ही तिची कमाल मर्यादा. दोन आठवड्यांच्या पॉवरपॉइंटला ‘प्रशिक्षण’ म्हणून दोन लाख मागणं या कसोटीवर उतरत नाही. पण ते सिद्ध करायला कोर्टात जायला हवं, आणि सोलापूरहून आलेला मुलगा कोर्टात जात नाही. तो थांबतो.

नोटीस पिरिअडचं तसंच. आयटीत तीन महिने ही रीत झाली आहे, आणि भरती करणाऱ्या कंपनीला मात्र ‘इमिजिएट जॉइनर’ हवा असतो. पैसे भरून नोटीस सोडवून घेण्याची मुभा बहुधा कंपनीच्या मर्जीवर. कायद्यानं कुणालाही बळजबरीनं नोकरीत ठेवता येत नाही, व्यक्तिगत सेवेचा करार न्यायालय अंमलात आणून देत नाही. पण रिलीव्हिंग लेटर अडवता येतं. पुढच्या कंपनीचं बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन त्या पत्राशिवाय अडतं, आणि एका साध्या कागदाच्या जोरावर जुना मालक नव्या नोकरीवर नकाराधिकार गाजवतो. मोठ्या आयटी कंपन्यांतला फ्रेशरचा पगार गेली दहा-पंधरा वर्षं साडेतीन लाखांच्या आसपास घुटमळतो आहे. त्याला पदवीधरांचा लोंढा हे मोठं कारण आहे, हे मान्य. पण ज्या बाजारात माणसाला पहिली दोन वर्षं दार उघडताच येत नाही, तिथे दारापाशी पगार वाढवायची गरज कुणाला वाटेल?

२०२२ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेनं केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली. तक्रार इन्फोसिसच्या ऑफर लेटरमधल्या अटीबद्दल होती : नोकरी सोडल्यावर सहा महिने, गेल्या बारा महिन्यांत ज्या ग्राहकासाठी काम केलं त्याच्याकडे नोकरी घ्यायची नाही, आणि टीसीएस, विप्रो, ॲक्सेंचर, कॉग्निझंट, आयबीएम यांच्याकडे गेलात तर तिथे त्या ग्राहकाचं काम करायचं नाही. जगभर अशी रीत आहे असं कंपनीचं म्हणणं होतं. रीत असेल. पण ही कंपनी सात जण बाहेर पडल्यामुळे जन्मली. तिच्या आजच्या तीन लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांतून आणखी सात-सातांचे गट निघावेत, ही इच्छा बाळगण्याचा हक्क या देशाला आहे. कागद त्याच्या आड येत असेल, तर तो कागद बदलावा.

या सगळ्यात भोसरीच्या मालकाचं दुःख मी विसरलेलो नाही. मोठ्या कंपनीकडे वकील असतात, त्याच्याकडे कुणी नसतं. सीएनसीवर पोरगं तयार करायला सहा महिने जातात. त्यात तो मटेरियल खराब करतो, टूल तोडतो, आणि तयार झाल्यावर चाकणला दोन हजार जास्त मिळतात म्हणून जातो. हे नुकसान खरं आहे आणि ते भरून निघायला हवं. पण त्यासाठी वाटा आहेत. शिकवण्याचा खर्च खराखुरा, पावतीसह लिहावा आणि दर महिन्याला तो कमी होत जावा. सहा महिन्यांत गेला तर अर्धा, वर्षानं गेला तर शून्य. दोन वर्षं टिकला तर ठरलेली रक्कम हातात द्यावी. आणि फुटून गाळा काढणार असेल तर त्याला शत्रू न करता व्हेंडर करावं. हे शेवटचं मी पुस्तकातून सांगत नाही. उद्यमनगरात आणि भोसरीत शहाणे मालक ते पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत. जास्तीचं काम जुन्या कारागिराच्या गाळ्यात जातं, घाईच्या वेळी त्याचं मशिन रात्री चालतं, आणि दिवाळीला तो पेढे घेऊन येतो.

गुपितांचाही प्रश्न उरतो. ड्रॉइंग, फॉर्म्युला, ग्राहकांची यादी चोरून नेणं ही चोरी आहे आणि तिला शिक्षा व्हावी. आपल्याकडे व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगानं मार्च २०२४ मध्ये २८९ व्या अहवालात त्यावर सविस्तर लिहिलं आहे. तो कायदा जरूर यावा. नेलेल्या फाइलसाठी माणसाला पकडावं, पण त्याच्या बोटांत बसलेल्या हातोटीसाठी पकडू नये.

अमेरिकेत २३ एप्रिल २०२४ ला फेडरल ट्रेड कमिशन या बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं जवळजवळ सगळी नॉन-कॉम्पीट देशभर बंद करण्याचा नियम काढला. त्या संस्थेच्या अंदाजानुसार तीन कोटी लोक मोकळे होणार होते. त्याच वर्षी २० ऑगस्टला टेक्सासच्या न्यायालयानं, संस्थेला असा अधिकारच नाही म्हणून, तो रद्द केला, आणि २०२५ मध्ये सरकारनं अपीलही सोडून दिलं. तिथे लोकांना कायदा हवा आहे आणि मिळत नाही. आपल्याकडे तो १८७२ पासून आहे. आपल्याला करायचं आहे ते त्याहून सोपं : रद्दबातल कलम छापणं हाच गुन्हा करायचा. कॅलिफोर्नियानं नेमकं हेच केलं. १ जानेवारी २०२४ पासून तिथे असं कलम करारात घालणंच बेकायदा आहे, आणि आधी घातलेल्या मालकांना १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी कळवावं लागलं की ते कलम रद्द आहे.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या. राजीनामा दिलेल्याचा पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करायचा, असं वेतन संहिता सांगते. नेमणूकपत्र देणंही आता सक्तीचं आहे. मग त्याच दोन दिवसांत सेवेचा दाखला द्यायचा हे जोडायला काय हरकत आहे? नोटीस दोन्ही बाजूंना सारखी, फार तर महिन्याची, आणि पगार भरून ती सोडवण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा. बॉन्ड असेल तर तो ऑफरसोबत दाखवायचा, रुजू होण्याच्या दिवशी नाही. मूळ गुणपत्रिका कुणीही ठेवून घ्यायची नाही. श्रम हा विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा यादीत, असल्यामुळे महाराष्ट्र सरकारला यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचं कारण नाही.

आणि आधी लावलेल्या कागदांसाठी कॅलिफोर्नियासारखं एक पत्र. राज्यातल्या प्रत्येक कंपनीनं ते प्रत्येक कर्मचाऱ्याला मराठीत पाठवावं. मजकूर फार लागणार नाही : ‘आपल्या नेमणूकपत्रात नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यावर किंवा स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यावर बंधन घालणारं जे कलम आहे, ते भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार रद्दबातल आहे. ते आपल्याला लागू नाही.’ खाली मालकाची सही, तारीख आणि शिक्का.